पायाळूनं विचारायचं नाही

मी पायाळू आहे. जन्मताना डोकं आधी यायचं, ते माझे पाय आधी आले. आई म्हणायची, पोरगी लाथ मारतच आली. आणि पुढचं माझं एकंदर बघता तिचं काही चुकलं नाही. आमच्या मुळशीकडं पायाळू माणसाला एक वेगळा मान असतो. कुणाच्या कंबरेत उसण भरली की त्यानं पायाळूच्या दारात जायचं, उंबऱ्यावर पालथं पडायचं आणि पायाळूनं डाव्या पायाची टाच दुखऱ्या जागी तीनदा टेकवायची. झालं. ना मालिश, ना लेप. माणूस उठतो आणि मागं न बघता निघून जातो. यात एक कडक नियम आहे. उसण घेऊन आलेल्यानं बोलायचं नाही आणि पायाळूनं विचारायचं नाही. बोललं की गुण जातो म्हणतात.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षं शिकवलं. विज्ञानही शिकवलं. तरी दारात कुणी पालथं पडलं की मुकाट टाच टेकवत होते. हसायचं तर हसा. उसण तीन-चार दिवसांत आपली आपण उतरते, हे काय मला कळत नव्हतं? पण कुणीतरी आपल्या दारी येतंय, आपल्या पायाची वाट बघतंय, एवढंसुद्धा एकट्या बाईला पुष्कळ असतं.

एकटी म्हणजे खरोखरच एकटी. नवरा लग्नानंतर सात वर्षांनी गेला. मूलबाळ नाही. वडिलांच्या जमिनीतला माझ्या वाटचा तुकडा म्हणजे भूगावातलं हे घर. खाली मी, वरच्या दोन मजल्यांवर भाडेकरू, कंपन्यांत काम करणारी मुलंमुली. कानात बोंडं घालून जिना चढतात, उतरतात. वाईट नाहीत. "आंटी, बरंय ना?" असं चालता चालता विचारतात आणि उत्तर यायच्या आत फाटकापाशी पोचलेली असतात. भाऊ गेला, त्याचा मुलगा, माझा भाचा, बावधनला फ्लॅटमध्ये राहतो. दर रविवारी फोन करतो. गुणी आहे, पण त्याच्या गुणांना वेळ कमी.

आज माझा डावा पाय घोट्याच्या खाली उचलला जात नाही. आणखी एक गोष्ट माझ्या ताब्यात राहिली नाही, ती पुढं येईलच. कारण सांगायला लाज वाटते, पण आता लाजेचं तेवढंच उरलंय, तेही संपवून टाकते. मी दोन दिवस गप्प बसले, म्हणून.

झालं ते असं. थंडीचे दिवस होते. नव्या इंद्रायणी तांदळाची गोणी आली होती आणि मी ती पलंगाखाली सरकवायला गेले. वरच्या एखाद्या मुलाला हाक मारली असती तर दोन मिनिटांचं काम. पण माझा स्वभाव! सेवानिवृत्त झाले म्हणून काय हात गळून पडलेत? वाकले, गोणीला हिसका दिला, आणि कंबरेत कट्ट झालं. तो मंगळवार होता. दुपारचे तीन वाजले असतील.

तशी कंबर गेली दहा वर्षं कुरकुरत होतीच. पण हे निराळं होतं. दोन्ही मांड्यांच्या मागून पोटऱ्यांपर्यंत आग उतरली. पलंगाला धरून उभी राहिले आणि स्वतःवरच हसू आलं. सगळ्या तालुक्याच्या उसणी उतरवणारी बाई! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. स्वतःची टाच स्वतःच्या कंबरेला टेकवता येत नाही, आणि टेकवली तरी तिचा गुण येत नाही म्हणतात.

बुधवारी सकाळी संडासात बसले आणि लघवी होईना. लागल्यासारखं वाटत होतं, नव्हतंही वाटत. जोर केला, नळ सोडून ठेवला. काही नाही. आणि बसायच्या जागी काहीतरी विचित्र झालं होतं. गोधडीची घडी घालून तिच्यावर बसावं तसं वाटत होतं, आणि खाली तर थंडगार भांडं. हात लावून पाहिला. हाताला मी कळत होते, मला हात कळत नव्हता. घाबरले. पण घाबरून मी काय केलं असेल? धने भिजत घातले. उष्णता झाली असेल, पाणी कमी पडलं असेल, वय झालं. शहाण्या माणसाला स्वतःची समजूत काढायला फार वेळ लागत नाही.

आणि मग मी ती चूक केली जी फक्त पायाळूच करू शकतो. दवाखान्यात जायचं सोडून दुसऱ्या पायाळूकडं गेले.

पौडच्या बाजारात एक म्हातारी आहे. तिचं बांगड्यांचं दुकान सासऱ्यांच्या वेळेपासूनचं. ती पण पायाळू. आम्ही दोघी एकमेकींना नमस्कार-सलामाच्या अंतरावरून ओळखत होतो. एकाच हुद्द्यावरचे लोक ओळखतात तसं. ओळखीची रिक्षा केली आणि पाठीला उशी लावून पौडला गेले. रस्त्यातला एकेक खड्डा अजून मला आठवतो. म्हातारीनं मला बघितलं, दुकानातल्या गिऱ्हाइकाला थांबवलं आणि मागच्या दारी नेलं. मी उंबऱ्यावर पालथी पडले. तिनं तीनदा टाच टेकवली. हलका, कोरडा पाय होता तिचा. मला वाटलं, हिला सांगावं. बाई माणूस आहे, पाच बाळंतपणं झालेली, हिला काय लाजायचं? सांगावं की बये, सकाळपासून लघवी नाही आणि खालचं अंग आपलं वाटत नाही. तोंड उघडलंसुद्धा. पण रीत म्हणजे रीत. ती गप्प, मी गप्प. मी उठले आणि मागं न बघता आले. बुधवार तिथं गेला.

गुरुवारी सकाळी अंथरूण ओलं होतं आणि मला ते कळलं नव्हतं. साठीच्या वर वय, तेहतीस वर्षं सरकारी नोकरी, आणि ओलं अंथरूण. मी कंबर धरून धरून चादर धुतली आणि मागच्या बाजूला वाळत घातली, वरच्या मुलांना दिसू नये म्हणून. इतकी मी एकटी होते त्या सकाळी की कुणी बघणारं नसतानाही तोंड लपवत होते. मग भाच्याला फोन केला. म्हटलं, कंबर फार दुखतेय रे. बाकीचं त्याला कसं सांगू? मी त्याला अंगाखांद्यावर खेळवलंय, त्याची लंगोटं बदललीत. म्हणून तर जास्तच सांगता येईना.

तो बिचारा कामाचं सोडून आला आणि मला गावातल्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर तरुण, घाईत, पण माणूस नीट होता, त्याला मी दोष देणार नाही. त्यानं पाय उचलून बघितले, आणि लिहिता लिहिता विचारलं, "लघवी, संडास सगळं व्यवस्थित आहे ना?"

भाचा माझ्या खांद्याशी उभा होता. हातात माझी पिशवी धरून.

मी म्हटलं, "हो."

सगळं आयुष्य एका बाजूला आणि तो हो एका बाजूला. डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, पट्टा दिला, आठ दिवस पडून राहायला सांगितलं. परत येताना भाचा म्हणाला, आत्या, बघ, घाबरण्यासारखं काही नाही. मी म्हटलं, नाहीच मुळी. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण मी शेकडो पोरांकडून वाक्यात उपयोग करून लिहून घेतली होती. उपयोग कसा होतो ते मला त्या दिवशी कळलं.

शुक्रवारी भाच्याची बायको डबा घेऊन आली. मी दार उघडायला गेले. तिनं माझ्या पायाकडं बघितलं आणि म्हणाली, "आत्या, तुमची एक चप्पल तिकडंच राहिली." मागं वळून पाहिलं तर डाव्या पायातली स्लीपर स्वयंपाकघराच्या दाराशी पडलेली. मी एका पायात चप्पल घालून सबंध खोली चालून आले होते आणि मला पत्ता नव्हता. ती पोरगी हुशार. तिनं डबा ठेवला आणि गाडी काढली.

मोठ्या हॉस्पिटलात एका डॉक्टरणीनं पडदा ओढून मला तपासलं. टाचणीनं इथं टोचते, तिथं टोचते, कळतंय का? नाही. इथं? नाही. मग नळी घातली आणि पिशवी भरत गेली, भरत गेली. अंथरुणात सांडलं होतं ते याच तुंबलेल्यातलं. ती नर्सकडं बघायला लागली आणि मी छताकडं. मणक्याचा फोटो झाला. ऑपरेशन करणारे डॉक्टर आले, स्टुलावर बसले आणि त्यांनी पहिला प्रश्न केला, लघवी कधीपासून बंद आहे? तेव्हा मी खरं सांगितलं. बुधवार सकाळ. त्यांनी घड्याळाकडं पाहिलं. ते पाहणं मी विसरणार नाही.

त्यांनी मला समजावलं, आणि मी शिक्षिका असल्यामुळं मला ते समजावणं आवडलं, इतक्या घाबरलेल्या अवस्थेतसुद्धा. पाठीच्या कण्यातला मुख्य दोर कंबरेच्या वरच संपतो. तिथून खाली नसांचा झुबका सुटतो, घोड्याच्या शेपटीसारखा. पाय, लघवी, संडास, सगळ्यांच्या तारा त्यात. दोन मणक्यांमधली गादी फुटून त्या झुबक्यावर बसली होती. ती काढायची. जेवढी लवकर काढू तेवढी नसा परत जाग्या होण्याची आशा जास्त. लघवी चोरून-मारून का होईना पण होत असताना माणूस आला तर बहुतेक वेळा ताबा राहतो. पूर्ण बंद झाल्यावर आला तर एकेक तास महाग पडतो, आणि दोन दिवस उलटून गेल्यावर आम्ही ऑपरेशन करतो, पण शब्द देत नाही.

मी विचारलं, "काल सकाळी आले असते तर?"

खोटं बोलणारा माणूस नव्हता. म्हणाले, "नक्की नाही सांगता येणार. वेळेत येऊनही काहींचं राहतं. पण काल तुमच्याकडं आजच्यापेक्षा जास्त होतं."

त्या संध्याकाळी ऑपरेशन झालं. चांगलं झालं. मांड्यांतली आग दुसऱ्या दिवशी गेली ती गेलीच. उजवा पाय महिन्यात सुधारला. डावं पाऊल लोंबतं राहिलं, त्याला प्लॅस्टिकचा साचा घालून बूट घालते. आणि लघवी परत आली नाही. नर्सनं आरसा धरून शिकवलं. दिवसातून चार वेळा, घड्याळ लावून, हात धुऊन, नळी घालून स्वतःची स्वतः काढायची. सहा, अकरा, चार, नऊ. लागो न लागो. लागत नाहीच.

पौडची म्हातारी मला भेटायला आली होती, नातवाच्या गाडीवर मागं बसून. पलंगाशी बसली आणि कितीतरी वेळ माझा निर्जीव पाय आपल्या हातानं चोळत राहिली. शेवटी म्हणाली, मी इचारायला पायजे होतं. मी म्हटलं, रीत नाही ना. ती म्हणाली, रीत गेली खड्ड्यात. पण ते म्हणजे बैल गेला आणि झोपा केला.

मग दोन वर्षं गेली. या दोन वर्षांबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही, म्हणून ती लांब वाटतात. नळीचं मी कुणाला सांगितलं नाही. भाचा आणि त्याच्या बायकोला माहीत, बाकी लोकांना 'कंबरेचं ऑपरेशन'. लग्नाला बोलावलं की आधी मनात हिशेब, कार्यालयातलं संडास कसं असेल, कडी असेल का, पाणी असेल का, किती वाजता परत. शेवटी जायचंच नाही. जुन्या शिक्षिकांची सहल गेली, मी पाय दुखतो म्हटलं. दुपारी चारचा गजर वाजायचा तेव्हा कुणी बसलेलं असलं की म्हणायचे, औषधाची वेळ झाली हं, आणि ते उठेपर्यंत दाराशी उभी राहायचे. हळूहळू लोकांना वाटलं, बाईंना कुणी आलेलं आवडत नाही. आपल्याला वास येत असेल का, या एका शंकेपायी मी माझं सगळं गाव तोडलं. रागही यायचा. कुणाचा ते कळायचं नाही. मग मी वरच्या मुलांवर काढायचे, जिन्यात गाडीचं हेल्मेट ठेवू नका, पाणी जपून वापरा. ती 'सॉरी आंटी' म्हणायची आणि मला आणखीच वाईट वाटायचं.

उसणवाले तरी यायचे. मी म्हणायचे, पाय गेला माझा, आता पौडला जा. कुणी म्हणायचं, नुसता टेकवा. नाही म्हणायचे. नंतर तेही थांबले. एखाद्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडून शब्द जायचा नाही. तेहतीस वर्षं वर्गात बोलून बोलून घसा बसलेली बाई मी. एकटेपण म्हणजे काय ते मला कुणाकडून ऐकायची गरज राहिली नाही.

आणि मग मागच्या उन्हाळ्यात, एका दुपारी दोनच्या सुमाराला, फाटकाशी गाडी थांबली. एक बाई उतरली, तिनं नवऱ्याला आधार देऊन उतरवलं. काटकोनात वाकलेला गडी, पंचेचाळिशीचा. मी त्याला ओळखलं. माझा विद्यार्थी. जेसीबी चालवतो, या सगळ्या भागातले निम्मे डोंगर त्यानंच सपाट केलेत. मी 'ये' म्हणायच्या आत तो उंबऱ्यावर पालथा पडला.

त्याला ओळखलं त्याला आणखी एक कारण होतं. तिसरीत असताना त्यानं करंगळी वर केली होती. माझ्या वर्गात शिस्त होती. लघवीला जायचं तर करंगळी वर करायची, बोलायचं नाही, आणि बाई मान हलवतील तेव्हा जायचं. मी फळ्यावर भागाकार मांडत होते. करंगळी दिसली मला. म्हटलं, बस खाली, तुमची रोजची नाटकं. थोड्या वेळानं वर्ग हसायला लागला. त्याच्या बस्करापासून ओघळ निघून माझ्या टेबलापर्यंत आला होता. आणि मी, मी त्याला फडकं आणून पुसायला लावलं. सगळ्यांसमोर. आईशप्पथ सांगते, नोकरीत मी पुष्कळांना मारलं, ते विसरले, पण ते पोर गुडघ्यावर बसून फरशी पुसत होतं ते विसरता आलं नाही. माफी मागायचं राहून गेलं. आम्ही मास्तर लोक माफी मागत नाही, पुढचा धडा घेतो.

तर तो माझ्या उंबऱ्यावर पडला होता. मी म्हटलं, अरे, माझा पाय गेलाय. तो फरशीला गाल लावून म्हणाला, "नुसता टेकवा बाई. लई इस्वासानं आलोय."

मी साच्याचा बूट काढायला वाकले, आणि फाटकाकडं नजर गेली. फाटकापासून चार पावलांवर एक चप्पल पडली होती. उन्हात, उपडी. त्याच्या उजव्या पायात चप्पल होती. डावा पाय उघडा. दुपारच्या दोनच्या उन्हात तापलेल्या फरशीवरून तो अनवाणी आला होता आणि त्याला चटका बसला नव्हता.

मी बूट तसाच ठेवला.

त्याच्या बायकोला म्हटलं, आत जा, माठातलं पाणी आण. ती गेल्यावर मी त्याच्या तोंडासमोर खाली बसले. मला खाली बसायला किती वेळ लागतो ते मला माहीत. रीत मोडली. विचारलं, कंबर कधी गेली? म्हणाला, काल संध्याकाळी. दोन्ही पाय? व्हय. लघवी होतेय का? माणूस पालथा पडला की त्याचं तोंड लपवायला जागा नसते, त्यानं डोळे मिटून घेतले. बाईंनी असलं विचारावं! त्याच्या कानशिलापर्यंत लाज चढलेली मला दिसत होती. ती लाज मी ओळखत होते, माझ्याच घरात राहायची ती.

मग मला काय सुचलं कुणास ठाऊक. मी त्याच्या डोळ्यांसमोर करंगळी धरली आणि म्हटलं, "डोळे उघड. ही कळते ना?"

त्यानं बघितलं. पस्तीस-छत्तीस वर्षं मागं गेला असणार. बारीक आवाजात म्हणाला, "सकाळी झाली वाईच. लई जोर लावला. आन तितं बधिर हाय बाई, बसतो तितं. काय कळंना झालंय."

होत होती अजून. थोडी का होईना, होत होती. मी म्हटलं, ऊठ, आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात जायचं. तो म्हणाला, उद्या जातो की, आज साईटवर गाडी अडकलीये, जाता जाता इंजेक्शन घेतो. बायकोला काही सांगू नका तेवढं. अगदी माझंच बोलणं, माझ्याच उंबऱ्यावर.

"मी दोन दिवस गप्प बसले," मी म्हटलं. "डॉक्टरनं विचारलं तर हो म्हणाले, सगळं व्यवस्थित आहे म्हणाले. आज मला लघवी होत नाही. नळी घालून काढते, दिवसातून चार वेळा, मरेपर्यंत. तुला पण तेच पाहिजे का?"

मान वर केली तर त्याची बायको तांब्या घेऊन दारात उभी. सगळं ऐकलेलं. दोन वर्षं झाकलेली मूठ मी अशी उघडली. वाटलं होतं जमीन फाटेल. काही झालं नाही. ती म्हणाली, "कुटं न्यायचं बाई ते सांगा."

मी वहीचं पान फाडलं. तोंडानं हा गडी तिथंही हो म्हणेल हे मला माहीत होतं. ठळक अक्षरात लिहिलं: काल संध्याकाळपासून कंबर. दोन्ही पाय. डावं पाऊल बधिर, चप्पल सुटलेली कळत नाही. बसायची जागा बधिर. लघवी आज सकाळपासून नीट नाही. खाली वेळ घातली, दुपारचे दोन पंधरा. चिठ्ठी बायकोच्या हातात दिली. म्हटलं, माझं ऑपरेशन झालं त्याच हॉस्पिटलात न्या, आणि हा काही बोलला तरी ऐकू नका, हे पुढं करा. ती दोघं गेली, मागं न बघता. मी उंबऱ्यावरच बसून राहिले. वाटेत चांदणी चौकात गर्दी असेल का, एवढाच विचार. चारचा गजर झाला तेव्हा उठले.

रात्री साडेआठला तिचा फोन आला. फोटो काढला, लगेच आत घेतलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चिठ्ठी कुणी लिहिली?

तो आला दीड महिन्यानं. एकटा, चालत. डावं पाऊल किंचित घासत होतं, पण स्वतःचं होतं. हातात आंब्याची पिशवी. मी त्याला खुर्चीत बसवलं, चहा टाकला. त्यानं सगळं सांगितलं, किती दिवस पडून होतो, आता मशीनवर बसायचं नाही म्हणतात, मुकादमकी करीन. मी ऐकत होते. खरं सांगू का? मला आनंद झाला होता आणि पोटात आगही पडली होती. एकच आजार, एकच गादी, एकच शेपूट. याला का मिळालं? याला मिळालं कारण मी विचारलं. मला कुणी विचारलं नाही असं तरी कुठं आहे, मला विचारलं होतं. मीच हो म्हणाले. ही आग विझायची नाही.

चहा प्यायच्या आधी तो चुळबुळला. आणि मग, माझ्याकडं बघून, कसनुसं हसून, त्यानं करंगळी वर केली.

मी मान हलवली.

तो आत गेला. माझं घर लहान, दाराची फळी पातळ. आवाज आला. भरपूर, सरळ धार, मध्ये न तुटणारी. मी गॅसपाशी उभी राहून ती ऐकली. असलं ऐकत उभं राहणारी मी जगातली एकटीच बाई असेन. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. फडक्यानं पुसलं. त्यानं पाणी टाकलं, बाहेर आला, मला बघितलं आणि खाली मान घालून बसला. मी म्हटलं, "तिसरीत तुला फरशी पुसायला लावली होती मी. चुकलं माझं."

तो बशीत चहा ओतत होता. म्हणाला, "मला वाटलं बाई इसरल्या."

तेवढ्यात गजर वाजला. चार. सवयीनं ओठांवर आलंच, औषधाची वेळ झाली हं. आतापर्यंत प्रत्येक माणसाला मी याच वाक्यानं बाहेर काढलं होतं. वाक्य गिळलं. हातातलं फडकं खाली ठेवलं आणि त्याच्यासमोर करंगळी वर केली.

"जावा बाई," तो म्हणाला. "मी बसतो."

मला वीस मिनिटं लागतात. हात धुवायचे, साचा सोडायचा, बसायचं, सगळं सावकाश. बाहेर कधी कुणी नसतं, म्हणून मला घाई नसते. त्या दिवशी पण केली नाही. बाहेर आले तर तो तसाच बसलेला होता, आणि माझ्या कपावर त्यानं बशी झाकून ठेवली होती.